बद्रीभाऊंचं चाटण

१८ नोव्हेंबर २०२४

अंगणवाडीतून निवृत्त होऊन पाच महिने झाले, पण हात काही निवृत्त व्हायला तयार नाही. तीस वर्षं रोज रजिस्टर लिहिलं. कोण आलं, कुणाचं वजन किती, खिचडी किती शिजली, कोण रडलं. आता घरात हजेरीला एकच पोरगं उरलंय. वय अडुसष्ट, नाव बद्रीनाथ. एक कोरं रजिस्टर शिल्लक होतं, ते त्याच्याच नशिबाचं असणार.

तर पहिली नोंद. आमच्या ह्यांनी आजपासून बीपीची गोळी बंद केली.

कारण, अंगद. माझ्या नणंदेचा हा पोरगा जालन्याला असतो. आधी विमा विकला, मंग प्लॉट विकले, मंग पाणी शुद्ध करायची मशीन. आता जीवनसत्त्वं विकतो. काल आला तो गळ्यात टाय लावून. बाजारातली कुत्री चौकापासून मागं लागली होती म्हणे. मुक्या जनावराला जे कळतं ते माणसाला कळत नाही.

"मामा, गोळी काय करती? नुसतं दाबती. आजार आत तसाच. आपलं नसामृत एकवीस काय करतंय? नसा आतून धुतंय. एकवीस जीवनसत्त्वं हायेत त्याच्यात. अटॅक न्हाई, लकवा न्हाई, काहीच न्हाई."

"मंग जेवण तरी लागतं का?" मी विचारलं.

"मामी जोक करून राह्यल्या," तो मामाला म्हणाला.

मामा हसले नाहीत. मामा डब्यावरची अक्षरं वाचत होते. पस्तीस वर्षं बियाणं कंपनीत काढली ह्या माणसानं. कुणी नवीन बियाण्याची तारीफ केली की म्हणायचे, "शेजारी जुनं लावून दाखव, मंग बोल." एवढा चिकित्सक! भाजीवाल्याकडची काकडी चाखल्याशिवाय घेत नाहीत. आणि टाय बघून विरघळले. गोळीनं पाय सुजतात, जन्मभर गोळी खाणं म्हणजे गुलामी, बियाणं निरोगी असलं तर फवारणी कशाला, असं बरंच काही मला ऐकवलं. मी भाकरी थापत राहिले.

२१ नोव्हेंबर

डबा आला. किंमत लिहीत नाही, कागद फाटेल.

सकाळी ह्यांनी अंघोळ केली, टिळा लावला, पाण्याचा गिलास हातात घेतला आणि कॅप्सूल तोंडाजवळ नेऊन थांबले. गळ्यात तुळशीची माळ.

"हे वरचं टरफल कशाचं असतंय गं?"

मी डब्यावरचं बारीक वाचून दाखवलं. जिलेटिन. म्हणजे जनावराची हाडं-कातडी उकळून केलेलं. ह्यांनी कॅप्सूल अशी खाली ठेवली की जशी ती हंबरणार आहे. मी मनात म्हणाले, पांडुरंगा, तूच रे बाबा. संपलं नसामृत.

कुठलं संपतंय! अंगदला फोन गेला. अंगद म्हणाला, "मामा, टरफल फेकून द्या, आतली पावडर मधात कालवून चाटा. असर डबल."

त्यामुळं उद्यापासून माझ्या कामात वाढ. रोज सकाळी सातला एक कॅप्सूल सोलायची, पावडर मधात कालवायची आणि चाटण तयार ठेवायचं. जन्मभर शेंगा सोलल्या, लसूण सोलला. हेच राहिलं होतं.

२ डिसेंबर

लग्नाला जायचंय म्हणून खोटं सांगून ह्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेतच आहे, बीपी तेवढं बघू, मी म्हणाले. एकशे बहात्तरवर एकशे चार.

हे म्हणाले, "जिना चढून आलो ना." दवाखान्याला जिना नाही.

हे बाहेर चहाला गेले तशी मी डॉक्टरीणबाईजवळ बसले. आकांक्षा तिचं नाव, माझ्या लेकीहून लहान. तिला डबा दाखवला. तिनं यादी वाचली आणि हसू दाबलं.

"काकू, जीवनसत्त्वं जगात तेराच आहेत."

"मंग वरची आठ?"

"ती कंपनीलाच विचारा."

पोरगी शांतपणे समजावत होती. अंगात जे कमी आहे ते द्यावंच. बी-बारा कमी निघालं तर मी स्वतः इंजेक्शन देईन म्हणाली. पूर्वी मोठमोठ्या डॉक्टरांनाही वाटायचं की जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी अटॅक टळेल. हजारो माणसांवर वर्षानुवर्षं तपासून पाहिलं, अटॅक काही टळले नाहीत. एका ठिकाणी फॉलिक ॲसिडनं लकव्याचं प्रमाण थोडं कमी झालं, पण ती माणसं बीपीची गोळी घेतच होती. गोळी सोडून नव्हे. "भाजी, डाळ, फळं खा. त्यात सगळं येतं. पण काकांची गोळी बंद ठेवू नका. ह्या आकड्यावर कधी काय होईल सांगता येत नाही."

जीवनसत्त्वांशी माझं वैर नाही. अ जीवनसत्त्वाचा चमचा मी तीर्थपुरीतल्या निम्म्या पोरांच्या तोंडात ओतलाय. पण तेव्हा आम्ही टाय लावून ओतत नव्हतो.

उठता उठता मी विचारलं, "बीपीची गोळी कुटून दिली तर चालते का?"

"ही चालते. पण सांगून द्या हां त्यांना."

सांगून! लेकरू अजून बिनलग्नाचं दिसतंय.

वंदना सिस्टरनं ह्यांच्या कार्डावर महिन्याच्या गोळ्या दिल्या. पिशवीच्या तळाशी ठेवल्या, वर मेथीची जुडी.

३ डिसेंबर

झालं. खलबत्त्यात गोळी, दोन घाव, पीठ. वर नसामृत, वर मध.

जंताची गोळी मी गुळात दिली आहे, केळात दिली आहे, शिऱ्याच्या घासात दिली आहे. थुंकणारी पोरं, चावणारी पोरं, जिभेखाली लपवून दारामागं टाकणारी पोरं. सगळ्यांना पुरून उरले. हे तर साधं लेकरू आहे, आ म्हटलं की आ करतं.

चाटून झाल्यावर म्हणाले, "आज जरा कडू लागून राह्यलं."

"असर डबल आहे ना, मंग चव पण डबल."

मान हलवली. बराबर म्हणाले.

रिकाम्या पट्ट्या माझ्यानं फेकवणार नाहीत. अंगणवाडीत रिकामी बाटलीसुद्धा दाखवावी लागायची, तीच खोड. बिस्किटाच्या जुन्या डब्यात साठवीन, शेवयांच्या मागं. तिथं ह्यांचा हात जन्मात गेला नाही.

१९ डिसेंबर

एकशे बत्तीसवर चौऱ्याऐंशी! हे दवाखान्यातून परत आले ते वरातीतल्या घोड्यासारखे. वंदना सिस्टरला म्हणाले, "बघा, गोळीविना." वंदनानं माझ्याकडं बघितलं, मी छताकडं. मी नंतर तिला कोपऱ्यात घेऊन शपथ घातली.

पाय अजून सुजतात. गोळीच ती, सुजणारच. हे अंगदला फोन करून म्हणाले, "गोळी बंद आहे तरी सूज कशी रे?" तो म्हणाला, "मामा, जुनी घाण पायातून निघून राह्यली." आणि लघवी पिवळीधमक होते, तेही ह्यांनी मला बोलावून दाखवलं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात एवढ्या कौतुकानं ह्यांनी मला काही दाखवलं नव्हतं.

शेजारच्या रजियाला हे लघवीचं सांगितलं तर ती हसून हसून मशीनवर डोकं टेकून बसली. रजिया माझ्याहून सात वर्षांनी लहान, कपडे शिवते. आमच्या दोघींच्या मधे एक कमरेएवढी भिंत आहे, तिच्यावरून एकतीस वर्षं वाट्या इकडून तिकडं जातात. माझं बाळंतपण, तिचं बाळंतपण, माझ्या सासूचं मरण, सगळं त्या भिंतीवरून झालं. तिलाही बीपी आहे. दर महिन्याला आम्ही दोघी मिळूनच गोळ्या आणायला जायचो, येताना भजी खायचो, डॉक्टरला न सांगता.

खलबत्त्याचं तिला सांगावं असं ओठावर आलं होतं. पण तिच्या पोटात काही राहत नाही, आणि तिचे मालक गुलाम नबी भाई रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर ह्यांच्याशी गप्पा मारायला असतात. रात्रीच्या आत बातमी ह्यांच्या कानात. म्हणून गप्प बसले.

५ जानेवारी २०२५

आज मंदिराच्या सभामंडपात मेळावा. अंगदनं पडदा लावला, माईक आणला. टेबलावर बीपीचं मशीन. आणि मशीनच्या शेजारी, फेटा बांधून, आमचं रत्न.

चारचौघांत बीपी मोजलं. अंगदनं माईकवर आकडा ओरडून सांगितला, जसा बैलाचा लिलावच चाललाय. एकशे सव्वीस! ऐंशी! टाळ्या.

मंग ह्यांनी माईक घेतला आणि ती गोष्ट सांगितली. ती मला पाठ आहे, आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात होते. कंपनीचा रस्त्यालगतचा कपाशीचा प्लॉट. शेतकऱ्यांना दाखवायचा होता. साहेबानं अंधारात त्याला जादा खत टाकून घेतलं, की बियाणं जोरदार दिसावं. ह्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी दोनशे शेतकऱ्यांसमोर उभं राहून सांगितलं, "ह्या प्लॉटला लपून खत दिलंय, हे बियाण्याचं काम न्हाई," आणि रिपोर्टवर 'प्लॉट बाद' लिहून सही ठोकली. बक्षीस म्हणून बदली झाली भोकरदनच्या धावड्याला. तीन वर्षं मी इथं दोन लेकरं आणि एक म्हैस एकटीनं सांभाळली. सत्याचा खर्चा नेहमी बायकोच्या खात्यावर.

"तर मंडळी," हे म्हणाले, "जो माणूस खोट्या प्लॉटवर सही करत न्हाई, तो तुम्हाला खोटं औषध सांगन का? अठ्ठेचाळीस दिवस झाले, मी बीपीच्या गोळीला हात लावला न्हाई."

खरंच आहे. हात मीच लावते.

पहिल्या रांगेत बसले होते. बाया वळून वळून माझ्याकडं बघत होत्या. मला इतकं हसू येत होतं की पदर तोंडात कोंबला. त्यांना वाटलं, गहिवरले. बावीस जणांनी नावं लिहिली. घ्या म्हणावं, पिवळी लघवी पाहून तेवढाच आनंद.

१९ जानेवारी

संक्रांतीचं हळदीकुंकू आज उरकलं. गेल्या वर्षी वाण म्हणून गाळण्या दिल्या होत्या. ह्या वर्षी ह्यांचा हट्ट, नसामृतची दहा-दहा कॅप्सूलची पाकिटं वाटायची. "आरोग्याचं वाण," म्हणाले. सुगड्यात बोरं, हरभरा, ऊस, आणि पाकीट! मी दोन दिवस भांडले, मंग दिली. गाळणीपेक्षा हलकं तरी होतं. घेणाऱ्या बायांनी पाकीट कपाळाला लावून घेतलं. वाण कुणी नाही म्हणत नसतं.

सगळ्या गेल्यावर रजिया आली. ती कुंकवाला नसते, पण तिळगूळ आणि वाण तिचं ठरलेलं. पाकीट हातात घेऊन ती उंबऱ्यावर बसली आणि गंभीर झाली.

"उषाबाई, सच्ची बोलो. भाऊंनी गोळी खरंच बंद केली का?"

"हौ."

"एकदम बंद?"

आत ह्यांचा खोकला ऐकू आला. मी म्हणाले, "एकदम. मंडपात बघितलंस ना तू."

"मैं मंडप को नहीं पूछ रही, तुमको पूछ रही हूँ."

"अगं हो बाई. बंद."

ती "बस, फिर" म्हणाली आणि पाकीट ब्लाउजात खोचून तिळगूळ खात खात गेली. थोडं चुकल्यासारखं वाटलं खरं. पण ह्यांचा जीव महत्त्वाचा. बाईनं एवढं खोटं नवऱ्यासाठी बोललं तर चित्रगुप्तसुद्धा लिहून घेत नसेल.

२८ जानेवारी

रजियाकडं पण नसामृत सुरू. तिथंही टरफलापाशीच गाडी अडली. जनावर कुठलं, हलाल का नाही, डब्यावर लिहिलेलं नाही. गुलाम नबी भाई आमच्या ह्यांना विचारायला आले. ह्यांनी मोठ्या अधिकारानं सांगितलं, टरफल फेका, मधात चाटा. माळ आणि टोपी दोन्ही एका टरफलाविरुद्ध. गावात एवढी एकी मी पहिल्यांदा बघितली.

ईदचे कपडे आत्तापासून आलेत तिच्याकडं, मशीन सारखी चालू असते. डोकं दुखतंय म्हणत होती, मागून, मानेपासून. मी म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढला असेल. सुई मीच ओवून दिली.

१२ फेब्रुवारी

ह्यांच्या गोळ्या आणायला गेले होते. वंदना सिस्टर म्हणाली, "उषाताई, रजियाभाभी ह्या महिन्याला आल्याच न्हाईत. सांगा बरं त्यांना."

सांगते म्हणाले. घरी आले तर अंगदची गाडी दारात. ह्यांना जालन्याच्या कार्यक्रमात 'सिल्व्हर लीडर' केलंय, छातीला लावायचा बिल्ला दिलाय. मंग सगळ्यांना शिरा. हे बिल्ला बनियनला लावून झोपले. टोचेल म्हटलं तर ऐकत नाहीत.

१३ फेब्रुवारी

बिल्ला टोचला.

२१ फेब्रुवारी

रजियाला लकवा मारला.

सकाळी साडेनऊ. कात्री पडल्याचा आवाज आला, मंग दुसऱ्यांदा. मी भिंतीवरून बघितलं. ती कात्री उचलत होती आणि बोटं मिटत नव्हती. "रजिया," म्हणाले, तर तिनं वर बघितलं. तोंड एका बाजूला. काहीतरी बोलली, ते बोलणं नव्हतं.

भिंत कशी ओलांडली आठवत नाही. गाडी मिळाली, जालन्याला नेलं. उजवा हात, उजवा पाय. बाकी काही सुचत नाही.

२२ फेब्रुवारी

जालन्यातला डॉक्टर म्हणाला, वेळेत आणलं म्हणून जीव वाचला. हाताचं आत्ताच सांगता येत नाही.

मंग त्यानं विचारलं, बीपीची गोळी चालू होती का?

गुलाम नबी भाई म्हणाले, "नहीं साहब, महिना हुआ, बंद की. वो हमारे बद्रीभाई की भी बंद है ना, उनका एकदम बराबर रहता." आणि माझ्याकडं बोट केलं. "इनसे पूछो. इनके घर का है."

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. त्याला वाटलं, खेड्यातली बाई आहे, लाजली.

मला माहीत नव्हतं. मला वाटलं पावडर चाटते आणि गोळीही घेते. शहाणी आहे रजिया. शहाणी आहे म्हणूनच तर तिनं मंडपावर विश्वास ठेवला नाही, मला येऊन विचारलं.

बारा तारखेची नोंद आत्ता परत वाचली. वंदनाचा निरोप आहे, माझ्याच अक्षरात. त्याच्याखाली शिरा आहे.

२४ फेब्रुवारी

आज दुपारी जेवताना हे म्हणाले, "मला कळून न्हाई राह्यलं. माझं बराबर, मंग रजियाचं असं कसं झालं? नियमित घेतलं नसंल. बायामाणसं कंटाळा करतात. न्हाई तर मध भेसळीचा असंल."

तीन दिवस मी गप्प होते. रजियाच्या कंटाळ्यावर ढकललं तेव्हा सहन झालं नाही. ताटावरून उठले, शेवयांच्या मागचा डबा काढला आणि ह्यांच्या ताटाशेजारी उपडा केला. पट्ट्याच पट्ट्या, सगळ्या रिकाम्या.

"हे काय?"

"तुमच्या बीपीच्या गोळ्या. कुटून चाटणात घालत होते."

"कवापासून?"

"तीन डिसेंबर."

"रोज?"

"रोज. आज सकाळी पण."

मला वाटलं ताट भिरकावतील. मी तयार होते. ह्यांनी एक पट्टी उचलली, उन्हाकडं धरली, मागचं नाव वाचलं. मंग दुसरी. मंग हात धुतला आणि म्हणाले, "तुझं रजिस्टर आण."

माझं रजिस्टर ह्यांना माहीत होतं हेच मला माहीत नव्हतं. आणलं. ह्यांनी सगळं वाचलं, पहिल्या पानापासून. घोड्याचं, लिलावाचं, लघवीचं. चेहरा हलला नाही. पाच जानेवारीच्या पानावर थांबले, खिशातलं पेन काढलं आणि माझ्या अक्षरांवरून आडवं लिहिलं. ते पान समोर आहे. 'प्लॉट बाद.' खाली सही, तारीख.

"तुमच्यासाठीच केलं," मी म्हणाले.

"माझ्यासाठी केलंस, ते बरं केलंस." मंग पेन खिशाला लावत म्हणाले, "त्या साहेबाला मी दोनशे माणसात उभं केल्तं, उषा. त्यानं निदान खत कपाशीला टाकल्तं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. खोलीत जाऊन रडले. ह्या रजिस्टरात कोण रडलं ते लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं.

२६ फेब्रुवारी

काल आणि आज, दोन दिवस, घरोघर. त्या बावीस नावांची यादी घेऊन हे पुढं, मी मागं. मंग वाणाच्या बाया, तिथं मी पुढं. प्रत्येक दारात हे एकच वाक्य म्हणतात, "माझी गोळी चालू व्हती, मला ठावं नव्हतं. तुमची बंद केली असंल तर आजच दवाखान्यात जा." पुढचं मी सांगते, कुणी आणि कसं.

सात जणांनी गोळी बंद केली होती. द्वारकाबाईचं दोनशेवर गेलं होतं, तिला तिथूनच रिक्षात घातलं. एकीनं दार लावून घेतलं. एक म्हातारा हसला आणि म्हणाला, "बायकोनं गंडवलं व्हय बद्रीभाऊ?" हे म्हणाले, "हाव." तिसऱ्या गल्लीपर्यंत ही गोष्ट आमच्या आधी पोचलेली असायची.

अंगदचा फोन आला. मामा, असं केल्यानं टीमचं मनोबल खचतं. ह्यांनी फोन माझ्याकडं दिला. मी जे बोलले ते अंगणवाडीच्या रजिस्टरात लिहिण्यासारखं नाही.

डॉक्टरीणबाईला पण जाऊन सांगितलं. मला वाटलं बोलेल. ती म्हणाली, "काकू, गोळी बंद केली म्हणूनच झालं असं शपथेवर नाही सांगता येत. पण गोळी म्हणजे छत्री होती, ती काढून घेतली गेली." मंग म्हणाली, "मी म्हणाले होते, सांगून द्या." एवढंच. आवाज चढवला नाही. पोरगी बिनलग्नाची आहे, बिनअकलेची नाही. तशी मी होते.

८ मार्च

रजिया घरी आली. रोजे चालू झालेत, तिला माफ आहेत. खाटेवर बसते. डाव्या हातानं पदर सावरते. बोलणं येतं, पण एकेक शब्द विहिरीतून ओढल्यासारखा. मशीनवर चादर टाकली आहे.

गिळायला त्रास होतो. डॉक्टरांनी सांगितलंय, गोळ्या कुटून, घट्ट कशात तरी कालवून, बसवून, चमच्यानं द्यायच्या. गुलाम नबी भाईंच्या हाताला कापूस पिंजायची सवय, गोळी अर्धी जमिनीवर जाते. ते भिंतीपाशी आले आणि खाली बघत म्हणाले, "भाभी, तुमको आता ना ये काम."

येतं. चांगलंच येतं.

खलबत्ता घेऊन गेले. आधी तिला सगळं सांगायचं ठरवलं होतं. खाटेजवळ बसून सांगितलं. मेथीची जुडी, शेवयांच्या मागचा डबा, मंडप, आणि ती उंबऱ्यावर बसून विचारत होती तेव्हा मी काय केलं ते. ऐकताना ती माझ्याकडंच बघत होती. रागावली का रडली काही कळेना, अर्धा चेहरा हलतच नाही.

मंग हळूहळू म्हणाली, "मैं... तुमको... पूछी थी."

"हो. विचारलं होतंस."

"मंडप को... नहीं."

"नाही. मला."

तिनं तोंड भिंतीकडं केलं. मी बसून राहिले. चाटण वाटीत तसंच होतं. मंग गुलाम नबी भाईंनी वाटी माझ्या हातातून घेतली आणि त्यांनी दिली. मी घरी आले.

९ मार्च

गेले. तोंड उघडलं नाही. वाटी भाईंनी दिली.

१० मार्च

गेले. तोंड उघडलं नाही.

११ मार्च

आज चमचा तिच्यासमोर धरला तर तिनं डाव्या हातानं माझं मनगट पकडलं. जोर आहे त्या हातात.

"इसमें... क्या है?"

मी चमचा खाली ठेवला. पट्टी काढली, नाव वाचलं. ही बीपीची, एक. ही रक्त पातळ राहायची, अर्धी. हा मध, माझी लेक साधना मागच्या महिन्यात घेऊन आली ती बाटली. बाकी काही नाही.

तिनं पट्टी हातात घेऊन निरखून बघितली. मंग आ केलं.

३१ मार्च

आज ईद. शिरखुर्मा भिंतीवरून न येता दारातून आला, भाई घेऊन आले. हे तिकडं जाऊन आले, बिल्ला न लावता. बीपी एकशे अठ्ठावीस. गोळी आता स्वतःच्या हातानं घेतात, पाण्याबरोबर, आणि घेऊन झाली की मला जीभ दाखवतात. चेष्टा करतात की शिक्षा, विचारलं नाही.

रजियाची दोन बोटं हलतात. अंगठा नाही. मी तिचं चाटण घेऊन गेले तर नवीन साडी नेसून बसली होती. एकतीस वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्यानं शिवलेला ब्लाउज. खांद्यावर चुकलाय, तिनं मला बोटानं दाखवलं.

चमचा पुढं केला. तिनं तोंड मिटलं आणि माझ्याकडं बघितलं.

वीस दिवस झाले, त्याच गोळ्या, तोच मध. तरी रोज विचारते. मी रोज पट्टी दाखवते, नाव वाचते, सगळं सांगते. मंगच ती तोंड उघडते.